उन्हातल्या बाकांवरचा मालक

बेसबॉलच्या मैदानावर येणाऱ्या माणसाला काय मिळाले पाहिजे, हा प्रश्न बिल वेक यांनी आयुष्यभर विचारला. ते क्लबांचे मालक झाले, पण मालकांच्या दालनापेक्षा स्वस्त बाके त्यांना जवळची वाटली. त्याची किंमतही त्यांनी मोजली.

शिकागो शहरात १९१४ साली दहा-अकरा आठवड्यांच्या अंतराने दोन जन्म झाले. ९ फेब्रुवारीला विल्यम वेक नावाच्या क्रीडापत्रकाराच्या घरी मुलगा झाला आणि त्याचेही नाव विल्यमच ठेवले गेले. २३ एप्रिलला शहराच्या उत्तर भागात बेसबॉलचे एक नवे मैदान खुले झाले. पुढे त्या मैदानाला ‘रिग्ली फील्ड’ हे नाव मिळाले आणि त्या मुलाला सारी अमेरिका बिल वेक म्हणून ओळखू लागली. माणूस १९८६ साली गेला. मैदान अजून उभे आहे आणि त्याच्या भिंतीवर दर उन्हाळ्यात हिरवीगार होणारी वेल या दोघांच्या नात्याची साक्ष देत असते.

बिल वेक हे नामवंत खेळाडू नव्हते. मेजर लीगमधील तीन संघांची मालकी त्यांच्याकडे आली, त्यांपैकी एकाची दोनदा. एवढीच त्यांची ओळख असती, तर अमेरिकेतल्या इतर धनिक मालकांप्रमाणे तेही विस्मृतीत गेले असते. पण मालक होऊनही हा गृहस्थ मनाने प्रेक्षकच राहिला. गावोगावची मैदाने त्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांनी पाहिली आणि जे मैदान हाती आले, ते प्रेक्षकाला आवडेल असे घडवू पाहिले. त्यासाठी केलेल्या खटपटींची, यशाची आणि पराभवांची ही हकीकत आहे.

ती समजून घेण्यासाठी बेसबॉलच्या मैदानाविषयी थोडे सांगायला हवे. या खेळात आतल्या चौकोनाची मापे सर्वत्र सारखी असतात. दोन बेसमधले अंतर ९० फूट आणि चेंडू फेकणारा पिचर उभा राहतो तिथपासून बॅट्समनपर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच. त्यापलीकडे मात्र एकच एक माप नाही. जुनी मैदाने शहरातल्या रस्त्यांच्या चौकटीत जागा मिळेल तशी बांधली गेली. त्यामुळे कुठे डावीकडची भिंत हाताच्या अंतरावर, तर कुठे मध्यभागाची सीमा पार दूर. बोस्टनच्या ‘फेनवे पार्क’ला ३७ फूट उंच भिंत आहे, एका मैदानात जो फटका सहज होम रन ठरेल, तो तिथे भिंतीवर आदळून परत येतो. म्हणूनच बेसबॉलचा खरा शौकीन एका मैदानावर समाधान मानत नाही. आज मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि त्या सगळ्यांची मैदाने एकदा तरी डोळ्यांखाली घालायची, असा संकल्प सोडून उन्हाळाभर प्रवास करणारी कुटुंबे अमेरिकेत आढळतात. प्रत्येक मैदानाचा स्वभाव निराळा, तिथल्या खाण्यापिण्याची चव निराळी आणि बाकांवरच्या माणसांची तऱ्हाही निराळी. वेक यांना हा आनंद लहानपणापासून ठाऊक होता.

त्याला कारण त्यांचे वडील. थोरले वेक वृत्तपत्रात ‘बिल बेली’ या टोपणनावाने लिहीत आणि शिकागो कब्ज संघाच्या कारभारावर सडकून टीका करीत. च्युइंगमचे कारखानदार विल्यम रिग्ली यांनी या टीकाकाराला खुद्द क्लबमध्येच बोलावून घेतले आणि १९१९ साली क्लबचे अध्यक्षपद दिले. थोरल्या वेक यांनी काही दिवशी स्त्रियांना विनामूल्य प्रवेश देण्याची प्रथा जोमाने राबवली आणि सामन्यांचे वर्णन रेडिओवरून होऊ दिले. घरबसल्या फुकट ऐकायला मिळाले तर मैदानावर कोण येईल, अशी इतर मालकांना धास्ती होती. प्रत्यक्षात रेडिओने नवे प्रेक्षक घडवले. मुलाने हे सारे जवळून पाहिले. शाळकरी वयात त्याने मैदानावर खाद्यपदार्थ विकले, तिकिटे फाडली, मैदान राखणाऱ्यांच्या हाताखाली काम केले. मालकाच्या माणसाचा मुलगा असूनही त्याची शाळा भरली ती बाकांच्या रांगांमध्ये.

१९३३ साली वडील वारले. बिल तेव्हा ओहायोतील केन्यन कॉलेजात शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून ते शिकागोला परतले आणि कब्जच्या कचेरीत नोकरीला लागले. विल्यम रिग्ली यांच्यानंतर क्लबची सूत्रे हाती घेतलेल्या फिलिप रिग्ली यांना संघापेक्षा मैदानाच्या सौंदर्याचा ध्यास अधिक होता. घरच्या माणसांना घेऊन एखाद्या बागेत जावे, तसे लोकांनी मैदानावर यावे, अशी त्यांची कल्पना. १९३७ साली तिथे नवी उघडी बाके आणि भव्य धावफलक उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरात विटांच्या भिंतीलगत वेली लावण्याचे काम वेक यांनी करवून घेतले. इंडियानापोलिसच्या मैदानावरची वेलींनी झाकलेली भिंत त्यांच्या मनात भरली होती. लवकर वाढणारी बिटरस्वीट आणि तिच्या जोडीला आयव्ही, अशी लागवड झाली. पुढे आयव्हीने भिंत व्यापली. आता चेंडू तिच्या पानांत अडकून बसला, तर बॅट्समनला दोन बेस देण्याचा त्या मैदानाचा खास नियम आहे. एका झाडाने खेळाचा नियम घडवल्याचे असे उदाहरण विरळाच.

१९४१ साली वेक यांनी चार्ली ग्रिम यांच्या साथीने मिलवॉकी ब्रुअर्स हा खालच्या श्रेणीतील, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचा संघ घेतला. वय अवघे २७ आणि खिशात जेमतेम अकरा डॉलर, असे त्या आगमनाचे वर्णन केले जाते. बोर्चर्ट फील्ड हे तिथले लाकडी, जुनाट मैदान. वेक यांनी आधी ते घासूनपुसून स्वच्छ करवले, रंगवले. मग त्यांनी लोकांना बुचकळ्यात टाकायला सुरुवात केली. कुणा प्रेक्षकाला अचानक जिवंत लॉबस्टर बक्षीस मिळे, कुणाला कबुतरे, तर कुणाला बर्फाची भली मोठी लादी. ती लादी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाकडे पाहून आजूबाजूचे हसून बेजार होत. आज काय होईल, हे आधी जाहीर करायचे नाही, हा त्यांचा दंडक. संघ हरला तरी घरी जाताना सांगायला काहीतरी हवे, हा त्यामागचा विचार होता.

याच काळातली एक गोष्ट त्यांचा स्वभाव अधिक नेमकेपणाने सांगते. महायुद्धाच्या दिवसांत कारखाने रात्रंदिवस चालत. रात्रपाळीच्या कामगारांना दुपारचा किंवा संध्याकाळचा सामना पाहणे शक्य नव्हते. वेक यांनी त्यांच्यासाठी सकाळी सामने ठेवले. जागा दाखवणारे सेवक झोपेच्या पोशाखात हिंडत आणि प्रेक्षकांना दूध व कॉर्नफ्लेक्सची न्याहारी देत. वरवर पाहता ही गंमत होती. मुळात मात्र, ज्याच्या वेळेचा विचार कोणीच करत नाही, अशा प्रेक्षकाचा विचार त्यात होता. मिलवॉकीने पाच वर्षांत तीनदा आपल्या लीगचे विजेतेपद मिळवले.

दरम्यान वेक स्वतः सैन्यात दाखल झाले होते. पॅसिफिकमधील बुगनव्हिल बेटावर तोफेचा मागे येणारा दणका बसून त्यांचा उजवा पाय चिरडला गेला. १९४६ साली पाऊल कापावे लागले आणि पुढे वर्षानुवर्षे एकेक शस्त्रक्रिया होत पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गेला. अशा ३६ शस्त्रक्रिया त्यांनी सोसल्या. नवा लाकडी पाय मिळाला, तेव्हा त्यांनी मेजवानी दिली आणि तीत ते नाचले. सिगारेटची राख झटकण्यासाठी त्या पायातच त्यांनी भोक पाडून घेतले होते. दुखण्याविषयी बोलणे त्यांना आवडत नसे. त्याच लाकडी पायाने ते मैदानांच्या पायऱ्या चढत-उतरत, एका भागातून दुसऱ्या भागात जात आणि अनोळखी माणसांच्या शेजारी बसून सामना पाहत. गळ्याला टाय नाही, उघड्या कॉलरचा सदरा, लालसर केस; त्यांना ओळखणे कठीण नव्हते.

१९४६ च्या जूनमध्ये वेक यांनी क्लीव्हलंड इंडियन्स हा संघ घेतला. एरी सरोवराच्या काठी ७५ हजारांहून अधिक प्रेक्षक मावतील असे म्युनिसिपल स्टेडियम तिथे होते, पण संघ आपले बरेचसे सामने जुन्या, छोट्या लीग पार्कमध्ये खेळे. वेक यांनी १९४७ पासून सगळा खेळ सरोवराकाठी नेला. ते मैदान इतके अवाढव्य होते, की फटका सीमेपार जाणे दुर्मीळ झाले होते. त्यांनी आत तारेचे दुसरे कुंपण उभारले. पाहुणा संघ कोण आहे ते पाहून आपण हे कुंपण गुपचूप मागेपुढे सरकवत होतो, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात खुशाल सांगून टाकले.

क्लीव्हलंडमध्येच त्यांच्या हातून घडलेली मोठी चूक आणि तिची भरपाई, दोन्ही नोंद घेण्याजोग्या आहेत. लू बुद्रो हे संघाचे खेळाडू आणि मॅनेजर, अशा दोन्ही भूमिका पार पाडत आणि लोकांचे अतिशय लाडके होते. १९४७ चा हंगाम संपल्यावर वेक यांनी त्यांना दुसऱ्या संघाकडे धाडण्याची बोलणी सुरू केली. बातमी फुटताच शहर खवळले. वर्तमानपत्रांनी वाचकांचा कौल मागवला. वेक शहरात परतले आणि रस्त्यारस्त्यांतून, मद्यालयांतून फिरत, जमलेल्या लोकांसमोर उभे राहून आपण चुकलो असे सांगत सुटले. बुद्रो संघात राहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी ०.३५५ या सरासरीने फलंदाजी केली. ४ ऑक्टोबर १९४८ रोजी बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात दोन होम रन मारून त्यांनीच संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये नेले. मालकापेक्षा बाकांवरच्या माणसांना खेळ अधिक कळतो, हा धडा वेक यांना इतक्या ठळकपणे पुन्हा मिळाला नसेल.

त्याआधीच त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, तिचे मोल कोणत्याही करमणुकीपेक्षा मोठे आहे. १९४७ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांच्या रूपाने नॅशनल लीगमधील वर्णभेदाची भिंत पडली. अमेरिकन लीगमध्ये ती ५ जुलै १९४७ रोजी पडली, वेक यांनी लॅरी डोबी यांना मैदानात उतरवले तेव्हा. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमधून खेळाडू घेताना त्यांच्या क्लबला छदाम न देण्याची तेव्हा रीत होती. वेक यांनी डोबी यांच्या नेवार्क ईगल्स क्लबला रीतसर मोबदला दिला. संतापाची, शिव्यांची पत्रे आली. त्यांतल्या अनेकांना त्यांनी स्वतः उत्तरे लिहिली. पुढच्या वर्षी, ७ जुलै १९४८ रोजी, त्यांनी सॅचेल पेज यांना करारबद्ध केले. हा महान पिचर तेव्हा ४२ वर्षांचा होता. आयुष्याची उमेदीची वर्षे त्याला मेजर लीगचे दार बंद होते. गर्दी जमवण्यासाठी केलेला हा तमाशा आहे, अशी टीका झाली. पेज यांनी सहा सामने जिंकले आणि एकच गमावला. २० ऑगस्टच्या रात्री त्यांना पाहायला क्लीव्हलंडच्या मैदानावर ७८,३८२ लोक लोटले. अनेकांना वर्षानुवर्षे फक्त कानावर आलेले नाव त्या रात्री डोळ्यांनी पाहायला मिळाले.

त्या हंगामात क्लीव्हलंडच्या घरच्या सामन्यांना २६,२०,६२७ प्रेक्षक आले. मेजर लीगमधील तो तेव्हाचा उच्चांक. संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच सप्टेंबरमध्ये ज्यो अर्ली नावाच्या एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने वृत्तपत्राला पत्र लिहून विचारले, की ज्यांना भरपूर पगार मिळतो त्या खेळाडूंचेच सत्कार का होतात? रोज तिकीट काढून येणाऱ्या माणसाचा का नाही? दुसऱ्या कोणत्याही मालकाने या पत्राकडे दुर्लक्ष केले असते. वेक यांनी २८ सप्टेंबरची रात्र ज्यो अर्ली यांच्या नावे केली. हवाईहून विमानाने मागवलेली ऑर्किडची फुले हजारो स्त्रियांना वाटली गेली. अर्ली यांना आधी थट्टेच्या भेटी मिळाल्या, त्यांत गुरेढोरे आणि एक खटारा मोटारही होती. आणि मग खरीखुरी, नवीकोरी फोर्ड गाडी त्यांच्यासमोर आणून उभी करण्यात आली. एका सामान्य प्रेक्षकाचा तो सत्कार बेसबॉलच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला.

यशाच्या शिखरावरून उतरायला वेक यांना फार काळ लागला नाही. १९४९ साली संघ मागे पडला, तेव्हा त्यांनी आदल्या वर्षीच्या विजयध्वजाची चक्क अंत्ययात्रा काढली आणि मैदानातच तो पुरला. त्याच वर्षी पहिला विवाह मोडल्यामुळे पैशाची निकड निर्माण झाली आणि क्लब विकावा लागला.

१९५१ मध्ये त्यांनी सेंट लुई ब्राउन्स हा संघ घेतला, तो जवळजवळ मेलेलाच होता. एकाच शहरात लोकप्रिय कार्डिनल्स संघ होता आणि दोघेही स्पोर्ट्समन्स पार्क या एकाच मैदानावर खेळत. वेक यांनी आपले बिऱ्हाडच मैदानाच्या प्रेक्षागाराखालील जागेत थाटले. घराचे दार उघडले की बाके! १९ ऑगस्टला त्यांनी एडी गेडेल या ३ फूट ७ इंच उंचीच्या माणसाला बॅट देऊन खेळपट्टीवर पाठवले. पाठीवर क्रमांक होता एक अष्टमांश. इतक्या लहानशा लक्ष्यावर पिचरला एकही चेंडू नेमका टाकता आला नाही आणि चार चेंडूंनंतर गेडेल पहिल्या बेसवर पोहोचले. लीगच्या अध्यक्षांनी संतापून त्यांचा करार रद्द केला. हा प्रसंग वेक यांच्या नावाला कायमचा चिकटला. माणसाच्या उंचीचा विनोद करणे आज खटकते आणि ते खटकलेच पाहिजे. गेडेल १९६१ साली वारले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला बेसबॉलमधून एकच जण आला होता, त्या दिवशी त्यांना चेंडू टाकणारा बॉब केन.

पाचच दिवसांनी, २४ ऑगस्टला, वेक यांनी जे केले ते मात्र त्यांच्या विचाराच्या अधिक जवळचे आहे. सुमारे हजारभर प्रेक्षकांच्या हाती ‘हो’ आणि ‘नाही’ असे फलक देण्यात आले. पिचर बदलायचा का, धावपटूने बेस चोरायचा का, असे प्रश्न त्यांना विचारले जात आणि बहुमत होईल तसे संघ खेळे. संघाचे मॅनेजर झॅक टेलर सपाता घालून झुलत्या खुर्चीत पाइप ओढत बसले होते. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सविरुद्धचा तो सामना ब्राउन्सनी ५-३ असा जिंकला. आपण असतो तर काय केले असते, हे प्रत्येक मैदानावरच्या प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात चाललेले असते. मुंबईत वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या एका रात्री कुणीतरी त्यांचे ऐकले.

या खेळांनी ब्राउन्सची गर्दी वाढली, पण संकट टळले नाही. १९५३ मध्ये बलाढ्य मद्यकंपनीने कार्डिनल्स विकत घेतले आणि वेक यांचा निभाव लागणे अशक्य झाले. टीव्हीच्या उत्पन्नात पाहुण्या संघालाही वाटा मिळावा, ही त्यांची मागणी श्रीमंत क्लबांना रुचली नव्हती. संघ बाल्टिमोरला हलवण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती नाकारली गेली. त्यांनी क्लब विकताच नव्या मालकांना तीच परवानगी मिळाली! मालकांच्या वर्तुळात हा माणूस नकोसा झाला होता, याचा यापेक्षा उघड पुरावा कोणता?

१९५९ मध्ये ते जन्मगावी परतले, शिकागो व्हाइट सॉक्सचे मालक म्हणून. संघाने त्याच वर्षी ४० वर्षांनंतर प्रथमच अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवले. १९६० मध्ये कोमिस्की पार्कवर वेक यांनी फटाके उडवणारा धावफलक बसवला. घरच्या खेळाडूने होम रन मारला की आतषबाजी, गडगडाट आणि रोषणाई. पाहुण्यांनी मारला की शांतता. न्यूयॉर्क यांकीज संघाने त्यावर मजेदार उत्तर दिले. आपल्या खेळाडूने होम रन मारताच त्यांनी आपल्या कक्षाबाहेर येऊन हातात फुलबाज्या धरून नाच केला. त्याच वर्षी वेक यांनी खेळाडूंच्या पाठीवर नावे छापली. दूरच्या बाकावर बसलेल्याला क्रमांकाचा मेळ घालत बसावे लागू नये, ही साधी सोय. आज जगभर ती सर्वमान्य आहे. पण प्रकृती ढासळली आणि १९६१ मध्ये हाही क्लब सोडावा लागला. पुढल्या वर्षी त्यांचे आत्मचरित्र आले आणि गाजले.

१९७० साली खेळाडू कर्ट फ्लड यांनी क्लबांच्या मक्तेदारीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. खेळाडूला क्लबशी आजन्म बांधून ठेवणारा नियम अन्यायाचा आहे, अशी साक्ष वेक यांनी फ्लड यांच्या बाजूने दिली. नियतीचा खेळ पाहा. १९७५ च्या डिसेंबरात वेक यांनी व्हाइट सॉक्स पुन्हा घेतले आणि त्याच महिन्यात लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना मोकळीक मिळाली. न्याय झाला, पण खेळाडूंचे भाव गगनाला भिडले आणि स्वतःची गडगंज संपत्ती नसलेल्या मालकाचे दिवस भरले. ज्या तत्त्वासाठी त्यांनी साक्ष दिली, त्यानेच त्यांचा धंदा बसवला. तरीही साक्ष दिल्याचा त्यांना पश्चात्ताप झाला नाही.

हाती पैसा नव्हता, पण कल्पना होत्या. कोमिस्की पार्कच्या उघड्या बाकांमागे उन्हाने हैराण झालेल्यांसाठी त्यांनी शॉवर बसवला. समालोचक हॅरी कॅरी सातव्या डावाच्या विश्रांतीत १९०८ सालचे बेसबॉलगीत स्वतःशीच गुणगुणत. १९७६ मध्ये वेक यांनी त्यांच्या नकळत ध्वनिक्षेपक सुरू करवला आणि सारे मैदान त्यांच्यामागे गाऊ लागले. फारसा चांगला गळा नसलेला माणूस गातो, तेव्हा लोकांना सूर मिसळायला संकोच वाटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९७७ मध्ये एका वर्षापुरते जोरदार फटकेबाज आणून संघाने ९० सामने जिंकले. १९७८ मध्ये त्यांनी लॅरी डोबी यांना मॅनेजर केले. मेजर लीगमधील ते दुसरे कृष्णवर्णीय मॅनेजर.

मात्र १२ जुलै १९७९ ची रात्र त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग ठरली. डिस्को संगीताच्या तबकड्या आणणाऱ्यांना ९८ सेंटमध्ये प्रवेश आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या तबकड्यांचा स्फोट, असा बेत त्यांचे चिरंजीव माइक आणि एका रेडिओ निवेदकाने आखला होता. अपेक्षेपेक्षा किती तरी अधिक, सुमारे ५० हजारांचा जमाव आला आणि स्फोटानंतर मैदानात घुसला. हिरवळ उद्ध्वस्त झाली. लाकडी पायाने मैदानात उभे राहून वेक ध्वनिक्षेपकावरून लोकांना विनवत राहिले, पण कोणी ऐकले नाही. दुसरा सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल झाला. त्या जल्लोषात कृष्णवर्णीयांच्या आणि समलिंगींच्या संगीताविषयीचा द्वेषही होता, असे पुढे अनेकांनी म्हटले. ज्याने डोबी आणि पेज यांना दार उघडले, त्याच्याच मैदानावर हे घडावे, ही बोचरी गोष्ट होती. गर्दी आणि प्रेक्षक यांत फरक असतो, हे त्या रात्री कळून चुकले.

१९८१ च्या प्रारंभी क्लब विकून ते मोकळे झाले. नव्या मालकांच्या काही उद्गारांनी दुखावलेले वेक कोमिस्की पार्ककडे फिरकले नाहीत. ते गेले रिग्ली फील्डवर, जिथे त्यांनी पोरवयात पदार्थ विकले होते. उन्हाळ्याच्या दुपारी ही सत्तरीकडे झुकलेली व्यक्ती उघड्या बाकांवर, सदरा काढून, हातात बियरचा पेला घेऊन बसलेली दिसे. कोणीही शेजारी येऊन गप्पा माराव्यात, पेचप्रसंगावर मत द्यावे, वाद घालावा. समोर त्यांनीच लावलेली वेल होती. १९८२ मध्ये हॅरी कॅरीही कब्जकडे आले आणि कोमिस्की पार्कवर सुरू झालेले ते सामूहिक गाणे आता रिग्ली फील्डवर घुमू लागले. फुप्फुसाच्या आजाराने खंगलेल्या वेक यांचे २ जानेवारी १९८६ रोजी शिकागोत निधन झाले. १९९१ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

वेक यांनी सजवलेली बाकीची सारी मैदाने आज नाहीशी झाली आहेत. मिलवॉकीचे बोर्चर्ट फील्ड, सेंट लुईचे स्पोर्ट्समन्स पार्क, शिकागोचे कोमिस्की पार्क, क्लीव्हलंडचे म्युनिसिपल स्टेडियम, एकेक करून पाडण्यात आले. त्यांच्या जागी महागडी बंदिस्त दालने असलेली नवी स्टेडियम आली आणि प्रेक्षकाला खूश ठेवणे हा एक मोठा व्यवसाय झाला. वेक यांच्या कल्पना त्या व्यवसायाने उचलल्या. आतषबाजी आहे, भेटवस्तू आहेत, पाठीवरची नावे आहेत. स्वस्त बाक मात्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहे. रोज येणाऱ्या पहारेकऱ्याला परवडेल असे तिकीट ठेवायचे आणि त्याच्या शेजारी जाऊन बसायचे, हा त्यांच्या शिकवणीतला सर्वांत सोपा भाग होता. तोच पुढच्या मालकांना सर्वांत अवघड वाटला.